पठणाची खोली

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

पोहोचले एकदाची! आमच्या नाटे गावाहून राजापूर, तिथून लांजा, मग देवरूख आणि पुढे कॉलेजच्या जीपने थेट सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर. मासेमारीचा हंगाम सुरू होऊन चारच दिवस झालेत, तरी दीपेशदादा बोटीवर खाडा करून सोबत आला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, बहीण कॉलेजात निघालीय म्हणून.

कॉलेज म्हणजे जांभ्या दगडाच्या चार इमारती आणि सगळे मिळून चाळीस विद्यार्थी. राज्यभरातून निवडलेले. नाट्याच्या शाळेतून इथे येणारी मी पहिलीच. खोलीत मनस्विनी आहे, दुसऱ्या वर्षाची, हापूसच्या बागायतदारांची मुलगी. तिचं इंग्रजी ऐकत राहावं असं. आईने दिलेले सुके बांगडे मी कपाटात मागे ढकलले, तरी वास आलाच असणार. ती काही बोलली नाही. चांगली आहे.

संध्याकाळी आईचा फोन. “पूर्वे बाय, जेवलंस काय गो?” एवढंच विचारलं आणि रडायला लागली. मग मीही.

९ ऑगस्ट

पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन. वर्गात सगळे हसतखेळत बोलतात आणि मी पाट्यासारखी बसलेली असते. अर्धं इंग्रजी डोक्यावरून जातं.

प्राचार्य हरिश्चंद्र सरांनी बोलावलं. रागावले नाहीत. लहान शाळेतून आलेल्यांचं असं होतंच, म्हणाले, आणि रोज तीन वाजता पठणाच्या खोलीत जायला सांगितलं.

ग्रंथालयामागे ती खोली आहे. खिडकी नाही. भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची. धडा एकदाच, मोठ्याने वाचायचा. मी वाचत होते तसा भिंतीपलीकडून कुणीतरी तोच शब्द जरा मागून म्हणत होतं. घुमतं असेल. पण बाहेर आले तेव्हा अख्खा धडा पाठ! स्वल्पविरामांसकट.

१४ ऑगस्ट

वीसपैकी वीस. सरांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. दादाला फोन केला तर त्याने बंदरावर ओरडून सगळ्यांना सांगितलं.

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. आज वाचताना ठसका लागला म्हणून वाक्य अर्धंच सोडलं. भिंतीपलीकडे ते पूर्ण झालं.

मनस्विनीला सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांनाच तसं ऐकू येतं, लक्ष नाही द्यायचं.

२२ ऑगस्ट

आई फोनवर सांगत होती, नेत्राचं लग्न ठरलं. मी विचारलं, कोण नेत्रा? आईला वाटलं थट्टा करतेय. शेजारची नेत्रा, दहा वर्षं एका बाकावर बसलात ना गो! मी हो हो म्हटलं. फोन ठेवून कितीतरी वेळ आठवत बसले. चेहरा नाही, आवाज नाही. त्या दहा वर्षांत माझ्या शेजारी बाकावर कुणीच नाही.

मनस्विनीला सहज विचारलं, गणपतीला घरी जाणार का. ती हसली. घरी कोण कोण असतं तेच आता नीट आठवत नाही, म्हणाली. “पण बघ ना, मी पहिली येते.” केस विंचरता विंचरता बोलत होती.

२८ ऑगस्ट

आज खोलीत गेले आणि वाचलंच नाही. नुसती गप्प बसले.

भिंत आपणहून बोलायला लागली. आमच्या नाट्याच्या बोलीत. एका मुलीची गोष्ट होती. आईबरोबर बंदरावर गेली, डोक्यावरची पाटी निसटली, सगळी कोळंबी चिखलात. आता मार बसणार म्हणून तिने डोळे मिटले, तर आई तिथेच बसून पोट धरून हसत सुटली. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती चांगली आई, असं वाटलं.

मग भिंतीने आईचं नाव सांगितलं. गुणवंती.

ती माझी आई आहे. ती मुलगी मी आहे. आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.

३० ऑगस्ट

दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं मुकी. पाठ झालेलंही सगळं गेलं. सरांना म्हटलं, मला घरी जायचंय. त्यांनी शांतपणे पाणी दिलं. “हे बघ पूर्वी, डोक्यात जागा तेवढीच असते. काहीतरी बाहेर ठेवावंच लागतं.”

सोमवारपासून परीक्षा. नापास झाले तर परत पाठवतील. गावाने हार घालून पाठवलंय मला. दादा कुणाला तोंड दाखवेल?

परीक्षेपुरतंच जाते. फक्त परीक्षेपुरतं.

४ सप्टेंबर

पहिली आले. आनंद झाला नाही. कुणाला सांगायचं तेच सुचेना.

लिहिलं तरच राहतं आता. आई — गुणवंती. भाऊ — दीपेश. घर — नाटे, बंदरामागे, निळा दरवाजा.

५ सप्टेंबर

फाटकाशी एक माणूस आला होता. उन्हाने रापलेला, हातात पिशवी. गणपतीला चल म्हणत होता. पूर्वे, पूर्वे, अशा हाका मारत होता. मी वॉचमनला सांगितलं, मी यांना ओळखत नाही. तो तासभर उभा राहिला. मग गेला.

आत्ता वही वाचली.

दादा होता तो.

६ सप्टेंबर

आईला फोन लावला. म्हटलं, मी पूर्वी.

आई म्हणाली, पूर्वी माझ्यासमोर बसून नारळ खवतेय. काल दादाला सड्याच्या उतारावर भेटली, रुसवा सोडून घरी आली. तू कोण बोलतेस?

मागे कुणीतरी हसलं. माझंच हसणं ते—

खोलीत धावत गेले. वाचलं, ओरडले, भिंतीवर हात आपटले. पलीकडे कुणी नाही. भिंत नुसती भिंत आहे.

७ सप्टेंबर, सकाळी

निघाले. कुणी अडवलं नाही. मनस्विनीने हात हलवून विचारलं, नवीन आहेस का?

कंडक्टरने विचारलं, कुठे. गावाचं नाव येईना तोंडात. वही दाखवली.

लांजा. गाडी बदलायची. लोक गणपती डोक्यावर घेऊन चाललेत. लिहीत राहायचं. थांबले की जातं.

दुपारी

नाटे. बंदर. निळा दरवाजा. आत आरती चाललीय. त्यात एक आवाज माझा—

पायरीवर बसलेय. एक बाई बाहेर आली. आई असणार. मला बघून ताट पडलं हातातून. मागे तो फाटकावरचा माणूस. आणि त्याच्या मागे ती. माझंच तोंड. भ्यायलेली, रडतेय, आईचा पदर धरून—

मी म्हटलं मी खरी. तीही म्हणाली.

आईने दार अर्धं लोटलं. म्हणाली, एकच विचारते. “तुझा बापूस तुला काय म्हणून हाक मारायचा?”

वही चाळतेय. बाबांचं काहीच लिहिलं नाही मी. एक ओळसुद्धा—

आई थांबलीय. माझ्याकडेच बघतेय अजून. माझ्याकडेच आधी—

आतून तिने सांगितलं. ऐकलं मी. ऐकलं. आई ओरडून रडली, दार लागलं.

निदान ते तरी माझं. लिहून ठेवते, आत्ताच. बाबा मला म्हणायचे—