तुझं खेळणं नेतोय

विनिता,

तुझा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून न विचारता तुझी गाडी नेतोय. आईला घेऊन मानपाड्याला मावशीकडे जातो, जेवायला परत येऊ. चार्जिंगची वायर गुंडाळून ठेवलीय.

काल गॅलरीतून बघत होतो. रिक्षावाले आत यायला नाही म्हणतात, त्या गल्लीतून भाजीच्या हातगाड्या चुकवत तू ही एवढीशी गाडी थेट जिन्यापाशी आणलीस. आवाज नाही, धूर नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच माझा हात न धरता गाडीत बसली.

चारचौघांत हिला खेळणं म्हणालो, ते चुकलंच. गाडी झकास आहे, लिहून देतो.

भंगारात गेलेल्या माझ्या गाडीची चावी दारामागच्या खिळ्याला होती. सहा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. आज काढली. आल्यावर तिथे हिची लावतो.

बाबा