तिसऱ्या पानावरचा परिच्छेद

४ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुम्ही सगळे धडधाकट आहात हे वाचून बरं वाटलं. इथे मी मात्र परवा अधिकृतपणे आजारी झालो. दुखत-खुपत काही नाही. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर एका आकड्यापुढे बाण काढलाय, वर तोंड केलेला. कोलेस्टेरॉल!

डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. रक्तवाहिनी म्हणे पाइप आणि आत पिवळा गाळ. बबडे, एकतीस वर्षं मी पाण्याचे पाइप जोडतोय आणि हे मला पाइप शिकवतात! मी म्हटलं, साहेब, गाळ पाण्यात असतोच. बसतो कुठे, तर पाइप आतून खरवडला गेला असेल तिथे. मग दोष गाळाचा की पाइपाचा? ते म्हणाले, दोघांचाही. आणि गोळी लिहून दिली, जन्मभराची.

मग वाचनालयात बसून एक लांबलचक लेख वाचून काढला. शंभर जणांनी पाच वर्षं गोळी गिळली तर झटका टळतो एक-दोघांचा. उरलेले अठ्ठ्याण्णव नुसते गिळतात! अंड्याचा बलक इतकी वर्षं गुन्हेगार होता, आता म्हणे बराचसा निर्दोष सुटला. त्याची माफी कोणी मागितली? माझी गोळी मी खिडकीत ठेवलीय. शोभेला.

भावोजींना हे मोठ्याने वाचून दाखव. झटका येऊन गेल्यापासून ते हसत नाहीत असं तू लिहिलं होतंस. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


२९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं, नेहमीसारखं जेवणाच्या टेबलावर, हातवाऱ्यांसकट. हे इतके हसले की ठसका लागला. ‘उरलेले अठ्ठ्याण्णव’ तर तोंडातच बसलं. बाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. मला वाटलं, माझा माणूस परत आला.

परवा दुकानातला खण आवरायला घेतला. कापडाच्या तुकड्यांखाली गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकही गोळी फोडलेली नाही. जवळजवळ आठ आठवड्यांच्या. म्हणजे तुझं पत्र आल्यापासूनच्या. विचारलं तर शांतपणे म्हणाले, तुझ्या दादाने सगळं वाचूनच लिहिलंय ना?

दादा, स्टेंट यांच्या हृदयात आहे, तुझ्या नाही. तुझा लेख मी इथे शोधून काढला. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय की वाद आहे तो झटका न आलेल्यांबद्दल. ज्यांना येऊन गेलाय त्यांनी गोळी सोडू नये, यावर तज्ज्ञांचं बहुतेक एकमत आहे. तुझ्या प्रतीतलं तिसरं पान उंदराने खाल्लं होतं का?

मी सांगितलं की मी घाबरट ठरते. तुझ्या लिहिण्याने बंद झालंय, आता तूच लिही. रागात आहे, तरी नमस्कार.

बबडी


३ मे

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बबडीला वाचायला देऊ नका. ती हातवारे करेल, आणि यात हसण्यासारखं काही नाही.

तिसरं पान मी वाचलं होतं. तो परिच्छेद पत्रात लिहायलाही घेतला होता. मग वगळला. अठ्ठ्याण्णवांच्या मागोमाग तो आला असता तर टेबलावरचं हसू विझलं असतं. तुम्हाला हसवायचं म्हणून नेमकं तुमच्याच कामाचं तेवढं मी काढून टाकलं. इतकं उफराटं काम मी धंद्यातही कधी केलेलं नाही.

माझा वाद मी सोडलेला नाही. काल डॉक्टरांशी तासभर घातला. ते चिडले नाहीत. म्हणाले, तुमच्या बाबतीत घाई नाही. सिगारेट सोडा, तीन महिने चाला, मग पुन्हा तपासू. (सिगारेटचंही मी बबडीला कधी लिहिलेलं नाही. मला वगळायची खोडच आहे.) पण तुमचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, किती दिवस बंद आहे? मी आकडा सांगितला. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला.

भावोजी, मी वाद घालत होतो तो माझ्या जिवावर. तुमच्या जिवावर घालायचा मला अधिकार नव्हता. उद्याच्या उद्या तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. माझ्याबद्दल थोडा लोभ उरला असेल तर एवढं ऐका.

आपला,
बबडीचा दादा


११ मे

श्री. दादांस,
स. न. वि. वि.

जाऊन आलो. हृदयाचा आलेख ठीक आहे. आकडा वाढलाय. गोळी पुन्हा सुरू केली.

एक कबूल करतो. तुमचं पत्र मला पटलं नव्हतं. मला ते हवं होतं. रोज सकाळी गोळी हातावर घेतली की मी पुन्हा दवाखान्यातल्या त्या खाटेवर पडलेला असायचो. शिवाय मांड्या दुखायच्या, पुठ्ठा कापायला उभं राहवत नसे. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. परवा बाईंना सांगितलं, तर त्यांनी गोळीच बदलून दिली. इतकं सोपं होतं. विचारायचं सोडून मी तुमच्या विनोदाआड लपून बसलो. तेव्हा सगळा दोष एकट्याने लाटू नका, अर्धा माझा आहे.

तुमची बहीण गेले काही दिवस माझ्याशी फार गोड वागत होती. आवाज चढवत नव्हती, तोंडाकडे बघत नव्हती. मला झटक्याची वाटली नव्हती एवढी भीती त्या गोडव्याची वाटली. आज सकाळी तिच्यासमोर गोळी गिळली आणि रिकामा पेला तिथेच ठेवून उठलो. त्या पेल्यावरून तिने जे तोंड सोडलंय, ते अजून चालू आहे. हे पत्र त्या आवाजात लिहितोय. बरं वाटतंय.

आपलाच,
भावोजी