यादीतला तिसरा

प्रिय मामा,

सप्रेम सलाम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामींना नवा चष्मा मानवला का, ते कळवा. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त झोप, भूक आणि अब्रू एवढ्या तीन गोष्टी गेल्या आहेत. हे पत्र एकट्यानं वाचा. आईला दाखवू नका, ती लगेच मावशीला विचारेल, आणि सगळं कारस्थान मावशीचंच आहे.

दचकू नका. तुमची थोरली बहीण अठ्ठावीस वर्षं सरकारी नर्स आहे, खांद्याला लशींची पेटी अडकवून रोज चाळीस जिने चढते, रडणारी पोरं काट्याला टांगून त्यांचं वजन करते, आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून पाळकसाहेबांच्या आधी आमेन म्हणते, हे मला ठाऊक आहे. अशा बाईवर संशय घेणारा नरकात जातो म्हणतात. मी जायला तयार आहे, पण आधी माझं ऐकून घ्या. मी तिच्याकडे राहायला आल्यापासून (कॉलेज मी सोडलं, त्यांनी काढलं नाही, हा फरक आईला पुन्हा एकदा समजावून सांगा) ती मला एकदाही रागावलेली नाही. हाच पहिला पुरावा.

दुसरा पुरावा जेवणाआधीची प्रार्थना. अन्नाचे आभार मानून झाले की हल्ली ती पुढं जोडते, आणि प्रभू, त्या मुलीला धीर दे. कोणती मुलगी ते सांगत नाही. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर तिचाही एक डोळा उघडा होता, आणि तो माझ्यावर होता.

मामा, मुलगी एकच आहे. बाजारामागच्या गल्लीत बाइंडरच्या दुकानात ती वह्या शिवते. दुकान म्हणजे एक खोली आणि एक खिडकी, तीही कागदाच्या गठ्ठ्यांनी बुजलेली. आत खळीचा वास, आणि त्या वासात ती दोऱ्याला मेण लावत बसलेली. मी तिथं वह्या बांधायला नेतो. कॉलेजात होतो तेव्हा माझ्याकडे एक धड वही नव्हती. सोडल्यापासून अकरा झाल्या, जाड पुठ्ठ्याच्या, पाठीला कापड लावलेल्या, आतून कोऱ्या. (मावशीला वाटतं मी त्या वेळी टायपिंगच्या क्लासला असतो. टायपिंग मला येतंच, दोन बोटांनी. हे गुपित फक्त मुलीला ठाऊक आहे.) आमचं बोलणं फार होत नाही. याही वहीत काही लिहिलं नाहीत का, असं ती विचारते. मी म्हणतो, विषय ठरतोय. एवढ्या शिदोरीवर मी तीन दिवस काढतो.

तर महिन्याभरापासून मावशी रोज सकाळी फेरीच्या आधी त्या मुलीच्या घरी जाते. पाच मिनिटं आत, की लगेच बाहेर. हे मला समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, आणि इस्त्रीवाला खोटं बोलत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. आता सांगा, आजाऱ्याकडे नर्स गेली तर अर्धा तास बसेल. पाच मिनिटांत फक्त निरोप देता येतो. कोणाचा?

उत्तर गेल्या आठवड्यात मिळालं. पुठ्ठ्याच्या कडेनं बोट कापलं म्हणून पट्टी शोधायला मी मावशीची पिशवी उघडली (पट्टी कपाटात असते, हे नंतर आठवलं). आत एक कागद, अक्षर त्या मुलीचं. वर लिहिलेलं: घराबाहेरचे. खाली पहिला बाइंडर, रोज आठ तास. दुसरा गाण्यातला खर्ज, आठवड्याला चार तास. तिसरा वह्यावाला, आठवड्याला तीन तास, कधी साडेतीन. पहिल्या दोघांपुढे मावशीच्या लाल पेनाची बरोबरची खूण. तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

मामा, ही स्थळं आहेत. घरातली, म्हणजे नात्यातली, वेगळ्या कागदावर असणार. बाइंडर चोपन्न वर्षांचा विधुर, तो पास. खर्ज म्हणजे चर्चच्या गायकांत तिच्या मागं उभा राहून दाराची कडी हलेल असं गाणारा पोस्टातला गृहस्थ, तोही पास. आणि ज्यानं अकरा वह्या बांधून घेतल्या त्याच्या कपाळी प्रश्नचिन्ह. नावसुद्धा नाही.

रविवारी उपासना सुटल्यावर मी खर्जाला पायऱ्यांवर गाठलं. शांतपणे बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तो हसला. मग मी अख्ख्या मंडळीसमोर सुनावलं की यादीत तुम्ही दुसरे असाल, तिसरा अजून मेलेला नाही. चार तासांची घमेंड मला दाखवू नका, तो वह्यावाला मीच. मुलगी पांढरीफटक पडली. पाळकसाहेबांनी विचारलं, कसली यादी? आणि मावशी, जिनं जन्मात खोटं बोललेलं कोणी ऐकलं नाही, ती पुढं येऊन म्हणाली, "चर्चच्या खिडक्या पुसणाऱ्यांची." मग माझ्या कानाशी, अगदी हळू, "म्हणजे वह्यावाला तू. महिनाभर शोधतेय मी तुला."

बोललेलं खोटं तिला पचेना, म्हणून तिनं ते खरं केलं. आज शनिवारी बाइंडर, खर्ज आणि मी अशा तिघांनी चर्चच्या बारा खिडक्या पुसल्या, आणि ती खाली उभी राहून डाग दाखवत होती. पण त्याहून भयंकर ऐका. सोमवारी तिनं मला दवाखान्यात नेलं, वजन केलं, डबीत थुंकायला लावलं आणि छातीचा फोटो काढला. खिडक्या पुसताना खर्जाला विचारलं, तर त्याचाही काढलाय. छात्यांची तुलना चालली आहे, मामा, आणि त्याची रुंद आहे. तुम्ही ताबडतोब या, बहिणीला जाब विचारा, आणि मुलीच्या आईकडे माझा विषय काढा.

तुमचा, अन्याय झालेला,
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. येऊ नका. काल मुलीनंच मला चर्चच्या अंगणात बोलावून सांगितलं. तिला क्षय झालाय. सहा महिने गोळ्या आहेत. मावशी रोज सकाळी समोर उभी राहून त्या गिळायला लावते आणि जीभ वर करून पाहते, त्याला पाच मिनिटं लागतात. यादी होती ती तिच्याजवळ बंद जागेत फार वेळ बसलेल्यांची, म्हणजे तिच्यापासून ज्यांना लागण झाली असेल त्यांची. माझा टायपिंगचा क्लास उघडा पडू नये म्हणून तिनं नाव लिहिलं नाही, आणि मला काही होऊ नये म्हणून मला गाळलंही नाही. बाइंडर आणि खर्ज या दोघांना सगळं ठाऊक होतं. दोघांनी तोंड उघडलं नाही, ते मी उघडलं, आणि आजार कळला तर खोली रिकामी करायला लावेल असा तिचा घरमालक पायऱ्यांवर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. माझी तपासणी स्वच्छ निघाली. ते ऐकून तिला रडू आलं. मला लाजच वाटली.

हे एकाच माणसाला सांगायची परवानगी तिनं दिली आहे. मी तुम्हाला निवडलं, कारण तुम्ही एक अख्खं वर्ष 'परगावी नोकरीला' होतात त्याबद्दल मला आता वेगळाच संशय येतो. मावशीला विचारलं, तर तिनं पानावर प्रार्थना सुरू केली.

पुन्हा ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मावशीची फेरी आता पलीकडच्या वस्त्यांत लागली आहे. रोज गोळी घेताना समोर कोण असावं, हे मुलीनं ठरवायचं होतं. तिनं माझं नाव सांगितलंय. (लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, आधी सहा महिने वेळेवर येऊन दाखवा.) वेळ सकाळी साडेसहा, तिच्या दारात, उघड्या हवेत. तेव्हा तुमच्याकडचं गजराचं घड्याळ, ते शेजारी तक्रार करतात तेच, येणाऱ्या माणसाबरोबर लगेच पाठवा. आज पहिला दिवस होता आणि मी सात मिनिटं उशिरा पोचलो. ती उंबऱ्यात उभी होती, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळ्या. तिला कामाला जायला उशीर होत होता, तरी तिनं घेतल्या नव्हत्या.