टोमॅटोचा चहा

१२ एप्रिल
टोमॅटोच्या खतासाठी कॉम्फ्री नावाची पालेदार वनस्पती लावली! लावली कसली, पुरली. रोपवाटिकेतल्या बाईंनी मुळांचे बोटभर तुकडे दिले. काळे, वेडेवाकडे. "जागा विचार करून ठरवा, एकदा बसली की उठत नाही." मागच्या भिंतीशी, पिंपाजवळ जागा दिली.
बाबा खुर्चीतून सूचना देत होते. डोळ्यांवर तोच काळा चष्मा! मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालं, चष्मा काही उतरत नाही. आई म्हणते, "राहू दे गं. तेवढाच म्हातारा हिरो दिसतो."

३० एप्रिल
कोंब! सगळ्या तुकड्यांना!!

८ जून
पानं हातभर झाली. वरून मऊ वाटतात, पण लव नुसती टोचते. हातमोजे न घालता कापली आणि कोपरापर्यंत खाजवत बसले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पाला बादलीत दाबला, वर दगड, पाणी, झाकण. आता कुजू द्यायचं.

३० जून
झाकण उघडलं. अरे देवा! नाकातले केस जळाले. शेजारीण खिडकीतून ओरडली, "तुमच्याकडे काय मेलंय का?" बाबा म्हणाले, "अजून नाही, वाट बघतोय."
एक तांब्या रसाला दहा तांबे पाणी. टोमॅटोला हेच खत. बाई याला 'चहा' म्हणतात. आता घरात तोच शब्द. आई सकाळी विचारते, "आधी कोणाला चहा, आम्हाला की टोमॅटोला?"

५ जुलै
आई न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय.

९ जुलै
आई जेवत नाही, बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाबा दारात उभे राहतात आणि परत फिरतात.
टोमॅटोही मलूल. बाईंना फोन केला. त्यांचा आवाज तुटत होता, म्हणून मी ओरडूनच विचारलं, "हो हो, चहा पाजला की उभारी येते ना?" त्या म्हणाल्या, पूर्वी मोडलेल्या हाडावर याच पाल्याचा लेप लावायचे. रात्री बाबांसमोर आईला हे सांगितलं, तेवढंच ती हसली.
नंतर बाबांनी विचारलं, "पानं कोवळी घ्यायची की जून?" आयुष्यात पहिल्यांदा बागेबद्दल प्रश्न! "कोवळी," म्हटलं.

२४ जुलै
कॉम्फ्रीची मधली पानं सगळी खुडलेली. बाबा म्हणे, "मी घेतली. तूच म्हणतेस ना, कापली की जोमाने येते." बाबा आणि बाग! वारं फिरलं म्हणायचं. आईही जरा उठून बसते आता.

१६ ऑगस्ट
आईचे डोळे पिवळे! पोट फुगलंय. तशीच गाडीत घातली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढा, झाडपाला, असलं काही?" मीच ठासून सांगितलं, "छे! आमच्याकडे असलं काही चालत नाही." आईला ग्लानी होती. बाबा छत्रीची मूठ फिरवत बसले.
तिला ठेवून घेतलं.

१७ ऑगस्ट
लिहवत नाही. पण लिहिते.
सकाळी बाबांनी ताट बाजूला सारलं. हल्ली त्यांनाही अन्न जात नाही, काळजीने. म्हणाले, "तिचा चहा आता दवाखान्यात न्यायचा का?"
"कसला चहा?"
"तुझाच. टोमॅटोचा."
मी म्हटलं, बादलीतला?! "छे गं, ती घाण कशी पाजेन? ताजी पानं उकळून, मध घालून. रोज. तूच म्हणालीस ना, उभारी येते, हाडं जुळतात."
हाडावर लावायचा लेप आणि झाडाला घालायचं खत! दोन्ही एकाच कपात ओतलं माझ्या बापाने! मी किंचाळले. मग फोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा पाला पोटात जाता कामा नये. यकृत खलास होतं."
बाबा उभेच. "मी काय केलं गं?" शब्द तर माझाच होता.

१८ ऑगस्ट
कुदळ घेऊन कॉम्फ्री उपटली. मूळ खोल, गाजरासारखं काडकन मोडतं. जमेल तेवढं काढलं. रडत काढलं.

२ सप्टेंबर
आई घरी आली! डोळे निवळलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. बाबा तिच्या उशाशी बसून होते, मान खाली. हडकलेत फार.
बागेत गेले आणि हबकले. खणलेल्या मातीत जिथे जिथे मूळ तुटलं होतं, तिथे तिथे कोंब!

३ सप्टेंबर
आईची वेणी घालत होते. म्हटलं, इतकं कडू तू प्यायचीस तरी कशी? ती हसली. "मी एकटी कुठली पिणार! आधी हे एक कप प्यायचे, माझ्यासमोर. मग मी."
मी धावत ओसरीवर गेले. "बाबा, चष्मा काढा."
"राहू दे."
मीच काढला. पिवळेजर्द.