माणूस कुठल्या बाजूला

मंगळवार, ९ तारीख

ताईस नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडचं तू लिहिलंसच.

तर काय, परत मूठ! फोनवर मूठ, मागच्या पत्रात मूठ, आता या पत्रात पहिल्या ओळीपासून मूठ. "नव्या दाराला आतून मूठ नाही, बाबांनी धरायचं काय, माझं डोकं?" अगं, मी दार पाठवलं. चौकटीसकट पाठवलं, ट्रकवाल्याची मनधरणी करून पाठवलं, माझ्या पगारातून कापून घ्या असं साहेबांना सांगून पाठवलं. बाबांच्या घरात फुकट राहून भावोजींनी त्या घराला एक खिळा तरी ठोकलाय का? त्यांना कोणी काही विचारत नाही. ज्याने दिलं त्याच्याच नावाने खडे फोडायचे.

फोन उचलत नाही म्हणून पण बोललीस. नाही उचलत. फोनवर तू रडतेस, मग मी बोलायचं ते विसरतो. पत्रात बरं पडतं. मधे गप्प बसलो तरी तुला ऐकू येत नाही.

आता चूक कशी झाली ते नीट सांगतो, म्हणजे भावोजींनाही वाचून दाखव.

इथे ऑफिसात नकाशे कॉम्प्युटरवर काढतात. मी आलो तेव्हा नकाशांच्या घड्या घालायचो आणि चहा द्यायचो, आता बघून बघून हात बसलाय. सातवीतून पळालेल्या पोराला खुर्ची दिलीय, चाकाची. तर नकाशात दार टाकलं की त्याला नंबर पडतो, आणि सगळ्या दारांचा मिळून एक तक्ता तयार होतो. रुंदी, उंची, बिजागरी कुठल्या हाताला, कडी कुठल्या बाजूला, मूठ कुठल्या बाजूला. त्याला शेड्यूल म्हणतात. खिडक्यांचं वेगळं. माझं कामच ते, म्हणून इथे मला सगळे दारवाला म्हणतात. सुतार नकाशाकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या हातात तक्ता. तक्ता बोले, सुतार हाले.

एका बिल्डिंगची चाळीस दारं होती. त्यांच्या शेपटीला मी आपलं एक्केचाळीसावं जोडलं. तूच लिहिलं होतंस, "बाबा मागे दाराआड पडले होते, दार त्यांच्या अंगावर अडकलं, कोणालाच आत जाता येईना. तेव्हा नवीन दार बाहेर उघडणारं कर." शहाणपणाची गोष्ट होती. मी बाहेर उघडणारं केलं. आणि तिथेच घात झाला. कारण तक्त्यात 'आत' म्हणजे खोलीची आत नव्हे. दार ज्या बाजूला उघडतं ती बाजू 'आत'. मॅडमचा नियम आहे तसा, आमच्या नकाशांच्या मोठ्या मॅडम. म्हणजे आपलं दार बोळात उघडतं, तर बोळ झाला 'आत', आणि बाबांची खोली झाली 'बाहेर'. मी भरलं, कडी आत, मूठ आत. सुताराने दोन्ही बोळाच्या बाजूने ठोकली.

झालं एवढंच. शब्दाचा घोळ. यात माझ्या मनात पाप असायचं कारण काय?

एक चांगली बातमी पण आहे. हा घोळ मी मॅडमना सांगितला. आधी त्या हसल्या. मग तक्त्यात एक रकानाच वाढवला. 'माणूस कुठल्या बाजूला.' म्हणजे दार लावून बसणारा माणूस कुठल्या बाजूला असेल ते लिहायचं, कडी त्या बाजूला. रकाना रिकामा ठेवला तर लाल होतो आणि तक्ता छापलाच जात नाही. सुतारांकडून दारं परत येणं बंद झालं. साहेबांनी विचारलं, "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?" मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दारवाल्याच्या बापाला कोंडलं, म्हणून आपला तक्ता सुधारला." सगळे हसले. मी पण हसलो. पगार वाढणार म्हणतात.

बाबांना नमस्कार सांग. ओळख राहिली असली तर.

तुझा,
भिंगऱ्या


शुक्रवार, २६ तारीख

ताईस,

नमस्कार वगैरे तू लिहिला नाहीस, मीही लिहीत नाही. फिटंफाट.

तर तू मूठ बसवून घ्यायला चौकटीवरच्या चिठ्ठीवरून सुताराचा नंबर काढलास. हुशार. पहिल्यापासून हुशार. आणि त्या दाढीवाल्या सुताराने तुला सांगितलं की दार बनवायच्या आधी त्याने मला विचारलं होतं. आता तू लिहितेस, "शब्दाचा घोळ म्हणून मला शेंड्या लावल्यास?" आणि खाली तीन रेघा. कागद फाटलाय तिसऱ्या रेघेला.

लावल्या. मग ऐक, तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो. त्याने तुला अर्धंच सांगितलं असेल, माणूस तसा भला आहे.

"काय रे दारवाल्या, एक्केचाळीस नंबरची कडी बाहेर जातेय. आतून मूठ पण नाही. काय ठेवणार आहेस आत, बैल?"

मी म्हटलं, "माणूस आहे."

तो हसला. "वेडाबिडा आहे का?"

"नाही. वडील आहेत."

मग हसला नाही. म्हणाला, "चुकलं असेल तुझं. फिरवून लावू का?"

मी म्हटलं, "तक्त्यात आहे तसं कर."

एवढंच. यापेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही. आधी चूकच झाली होती, आईशप्पथ चूक. पण चूक समोर आली तेव्हा मला ती आवडली.

तू विचारतेस, असं त्यांनी काय केलं होतं तुझं. तुला माहीत नाही? गोदामाचा रखवालदार माणूस, दिवसभर कुलपं लावून हात शिवशिवत असतील म्हणून घरी आल्यावर मला कोठीत कोंडायचे. शाळेतून पळाला, कोठी. नळावर भांडला, कोठी. "याच्या पायाला भिंगरी आहे, भिंगरी कोठीत फिरव." तिथूनच नाव पडलं. कोठीला खिडकी नव्हती. धान्याची पोती, रॉकेलचा डबा, आणि मी. मुतायला यायचं तरी सोडायचे नाहीत. कडेच्या ढिल्या बिजागऱ्या सोडल्या तर त्या दाराला आतून काही नव्हतं, ना कडी, ना मूठ, ना साधा खिळा धरायला. गुळगुळीत फळ्या. दाढीवाल्याने फोनवर सांगितलं ना, तेव्हा डोळ्यांपुढे त्याच फळ्या आल्या.

पण बाबांचं राहू दे. बाबा बाप होते, बापाला मारायचा परवाना असतो म्हणतात. तू कुठे होतीस?

तू बाहेर बसलेली असायचीस, ताई. कोठीच्या दाराला टेकून पाढे म्हणायचीस, मोठ्याने. मला आतून तुझी पाठ कळायची, फळी तिथे दबायची. मी म्हणायचो, ताई, कडी काढ ना. तू म्हणायचीस, "बाबा आले की काढतील." आणि पुढचा पाढा. कडी तुझ्या हाताला येत होती. मी मोजून बघितलं नाही, पण तू त्याच कडीला पिशवी अडकवायचीस, शाळेची. सगळ्या जगाचं प्रेम तुझ्यावर होतं, तरी एक कडी काढणं तुझ्याने झालं नाही.

आता आपण मुठीचं बोलू. इतके दिवस मूठ मूठ करून तू माझं डोकं खाल्लंस. मी आता दारांतलाच माणूस आहे, म्हणून सांगतो. बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून मूठ लागत नाही. ओढायचं कुठे असतं? ढकललं की उघडतं. लहान मूल ढकलेल, बाबाही ढकलतील. बोळातून कोणी कडी लावलेली नसेल, तर.

कळलं? दार मी पाठवलं. कडी मी इथून लावत नाही. एवढे लांब माझे हात नाहीत. ती कडी रोज कोण सरकवतं, ते लिही पुढच्या पत्रात. भावोजी सांगतात म्हणून सरकवतेस, हेही लिही. "बाबा बाहेर निघून जातात, परवा चौकात सापडले, कुठवर धावू" हेही लिही, ते खरंच असेल. मीही पळून जायचो. बाबांनाही कुठवर धावायचं हाच प्रश्न पडला असेल.

चोराच्या मनात चांदणं असतं. मूठ मूठ करत होतीस, कारण कडी म्हणायला जीभ वळत नव्हती.

भिंगऱ्या


सोमवार, १३ तारीख

ताई,

तुझं पत्र आलं. इतकं छोटं पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. शिव्या असतील म्हणून मी ते जेवायच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोडलं. शिव्या नव्हत्या. त्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, "कडी मी लावते. रोज मीच लावते. ह्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला झोप लागावी म्हणून." बरं. खरं लिहिलंस. कोठीच्या दिवसांपासून पाढ्यांआड अडकलेलं एक खरं वाक्य आलं.

पण त्याखालचं तू लिहायला नको होतंस. मला छळायला लिहिलंस की नाही ते मला कळत नाही. मी तुझ्या जागी असतो तर छळायलाच लिहिलं असतं.

की बाबा दार ढकलत नाहीत. एकदाही ढकलत नाहीत. नुसता फळीवरून हात फिरवतात, वर, खाली, परत वर. आणि तू बोळातून विचारलंस, "बाबा, काय शोधताय?" तर म्हणाले, "कडी शोधतोय गं. पोरगा आत आहे. किती वेळ झाला, काढायला हवा."

म्हणजे त्यांना वाटतंय ते बाहेर आहेत.

दुपारी खुर्चीवर येऊन बसलो तर समोर नवीन बिल्डिंगचा तक्ता. एका दाराचा रकाना लाल. माणूस कुठल्या बाजूला. मी बघतच बसलो. मॅडम मागून म्हणाल्या, "दारवाल्या, जांभया कसल्या देतोस? भर ना. दोनच तर बाजू असतात." कोणीतरी हसलं. मी भरलं. काय भरलं ते आठवत नाही. सुतार विचारेल चुकलं असेल तर.

हे वाचून माझं मन पाघळलं असं समजू नकोस. माझी कडी त्यांनी अशी कधी शोधली नव्हती. तेव्हा डोळे चांगले होते, डोकं चांगलं होतं, कडी समोर होती. तेव्हा जेवून, पान लावून, मग सावकाश यायचे. आता शोधतायत, जिथे ती नाहीच त्या बाजूला. शोधू देत.

असं लिहिलं आणि खोडायला गेलो. मग राहू दिलं. तुला खोटं सांगून आता उपयोग नाही, तुझ्याकडे दाढीवाल्याचा नंबर आहे.

तू म्हणतेस, "ये. कडी तूच ठोकायला लावलीस, तूच येऊन तुझ्या हाताने काढ. मी आडवी येणार नाही." नाही येणार. रजा मिळते, ट्रकवाला ओळखीचा आहे, फुकट आणेल. तरी नाही. त्या बोळात उभा राहिलो, आतून हात फिरल्याचा आवाज आला, तर माझा हात कडी काढेल की आणखी घट्ट सरकवेल, हे मला सांगता येत नाही. बसून पाढे म्हणेन कदाचित. आपण दोघं एकाच घरातले आहोत.

म्हणून ते तुझ्यावर सोडतो. या वेळी तरी "बाबा आले की काढतील" म्हणता येणार नाही तुला. बाबा आलेत. आतच आहेत.

कोणी बाई मिळते का बघ, दिवसा दाराशी बसायला. भावोजींना सांग, पैशाचं मी बघेन, तोंड उघडू नका. आणि बाबांनी परत विचारलं पोरगा कुठे आहे, तर खरं सांग. सांग की तो निघाला. कधीच निघाला. कडी कोणीच काढली नव्हती, तू जेवायला उठलीस तेव्हा त्यानेच बिजागरीचे स्क्रू नखांनी काढले आणि पळाला. तुला हे माहीत नव्हतं ना? दार परत जागेवर टेकवून ठेवलं होतं मी. तू परत येऊन रिकाम्या कोठीकडे पाठ करून पाढे म्हणत होतीस.

तुझा धाकटा,
भिंगऱ्या

ता. क. त्या रकान्यामुळे झालेली पगारवाढ हातात आली. पहिल्या महिन्याची आहे तशी पाठवतोय, माझ्याजवळ ठेववत नाही. कडी काढायची ठरवलीस तर सुताराची मजुरी यातून दे. ठेवायची ठरवलीस तर तिला तेल घाल, फार करकरते म्हणालीस. दोन्हीला पुरून उरतील. अठराशे.