हलका बघ

सोमवार, ३ जून

हलका बघ म्हणे! म्हणजे आता चौदा वर्षांची पोरगी मला माझी ऐपत सांगणार. मी फोनवर स्पष्ट म्हणालो होतो — काडे, तू हायस्कूलला चाललीस, लॅपटॉप दादा घेणार, तू फक्त कसला हवा ते सांग. तर म्हणते, "कसलाही चालेल दादा, फक्त हलका बघ."

हलका! मागच्या वर्षी दप्तर पाठवलं, त्याची चेन महिन्यात गेली. तेव्हाही आई हेच — असू दे रे, चालवून घेऊ. चालवून घ्यायला मी काय रस्त्यावरचं उचलून पाठवतो?

मी म्हणालो, हलकाबिलका मिळणार नाही, येईल तो भारीच येईल. अरे पण ऐक तर, असं काहीतरी म्हणत होती. ठेवून दिला फोन.

मंगळवार, ४ जून

दिवसभर तेच डोक्यात. हलकं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. चार वर्षं लोकांची घरं इकडून तिकडे हलवतोय. हलकं म्हणजे भुशाच्या फळ्यांचं कपाट. एकदा खोललं तर जोडता येतं, दुसऱ्यांदा खोललं की स्क्रू धरत नाही, आणि घरमालकीण आमच्या नावाने शंख करते. भारी कपाट चौघांचा घाम काढतं, पण जसं निघालं तसं पोचतं.

गाडीत मामांना सांगितलं. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, सगळ्यांचेच मामा. ते हसायलाच लागले — बहीण आहे का सासू? पण रविवारी ते सुट्टीवर निघालेत आणि माझ्या घरावरूनच जाणार आहेत. तोवर घेतलास तर नेऊन देतो म्हणाले, मांडीवर ठेवून नेतो.

म्हणजे हातात चार दिवस. बास.

गुरुवार, ६ जून

आज जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेलो. काम अर्धं टाकूनच गेलो, मुकादम बोलला. बोलू दे.

दुकानातला चष्मेवाला विचारतो — कामासाठी का खेळायला? म्हटलं, शाळेसाठी. कितवी? म्हटलं, नववी. मग त्याने रॅम आणि कसकसले आकडे सांगितले. मी मान हलवत होतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाची मान फार छान हलते. शेवटी त्यालाच विचारलं, यातला सगळ्यात भारी कुठला? त्याने काढला — काळा, रुंद, बटणांच्या खालून लाल उजेड येतो. हातात घेतला. असा जड, असा भरीव! चार्जरच विटेएवढा. बंद करताना आवाज कसा, तर चांगल्या दाराचा येतो तसा.

किंमत ऐकून घाम फुटला. तरी दोन हजार आगाऊ देऊन आलो. उरलेले शनिवारी पगार झाला की.

आता म्हणू दे हलका.

शुक्रवार, ७ जून

काडीचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. वस्तू हातात पडली की आपोआप गोड बोलेल.

शनिवार, ८ जून

पाचवा मजला, लिफ्ट बंद, आणि सामानात नुसती पुस्तकं. बाई शिक्षिका आहेत, रिटायर झाल्यात, मुलाकडे राहायला चालल्यात. सत्तेचाळीस खोकी झाली. सगळं आम्हाला भरू दिलं, पण एक कापडी पिशवी काही हातातून सोडेनात. मी म्हटलं, द्या की, काच असली तर वेगळी बांधतो. म्हणाल्या, काच नाही, लॅपटॉप आहे.

मग काय, विषय निघालाच. मी सगळं सांगितलं — नववी, बहीण, लाल उजेड. बहिणीने हलका मागितला तेही सांगून टाकलं. जरा हसण्यावारीच सांगितलं, म्हणजे त्या माझी बाजू घेतील. त्यांनी पिशवी पुढे केली. उचला म्हणाल्या. दोन बोटांनी उचलली. आत आहे का नाही अशी शंका यावी.

"हलका आहे म्हणून टाकाऊ नाही हो. उलट वजन कमी तेवढे पैसे जास्त पडतात. बहीण शाळेत जाते कशी?"

म्हटलं, चालत. शाळा घरासमोरच आहे, पिवळी.

"हायस्कूलही तिथेच?"

मी खोकं उचललं आणि जिना उतरलो. 

आमची पिवळी शाळा आठवीपर्यंत. मी सातवीतच निघालो, पुढची शाळा कुठे असते ते बघायची वेळच आली नाही.

संध्याकाळी आईला फोन लावला. आधी जेवलास का, खोकला गेला का. मग मी विचारलं, काडीची नवी शाळा कुठे गं? आई म्हणाली, अरे लांब आहे बाबा. बस अलीकडच्या नाक्यापर्यंतच जाते, पुढे पाऊण तास चाल, आणि तीही चढाची. आताच चार दिवस जाऊन आली नुसत्या पुस्तकांचं ओझं घेऊन, तर खांद्याला तेल लावून मागते.

लावून मागते. आणि मी तिला अडीच किलोचं धूड आणि वर वीट पाठवत होतो. फ्रीज पाठीवर घेणाऱ्या माणसाला अडीच किलो काहीच वाटत नाहीत. काडी काडीएवढीच आहे, म्हणून तर काडी म्हणतो.

ती वजनाचं बोलत होती. नुसतं वजनाचं! आणि मी माझी इज्जत तोलत बसलो.

रविवार, ९ जून

दुकान उघडायच्या आत दारात उभा. भारी नको, हलका दाखव म्हटलं, तर त्याची किंमत आणखी वर, म्हणून आगाऊ परत मागितले. चष्मेवाला म्हणाला, आगाऊ घेतलेले परत देत नाही, पावतीवर खाली लिहिलंय. लिहिलं होतं खरं. बारीक अक्षर मी कधीच वाचत नाही. मामा सोबत आले होते, त्यांनी आवाज चढवून बघितला, मग खाली आणून बघितला. काही उपयोग नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "जाऊ दे. शिकवणीची फी भरलीस असं समज."

मामा रिकाम्या हाताने गेले. बस सुटताना मांडी थोपटून दाखवली — जागा होती रे.

मग काडीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, चुकलं माझं. मला वाटलं तू स्वस्तातला म्हणतेस. मग जी हसली! आईला हाक मारून सांगितलं, आईही हसली. दोघी मिळून हसल्या माझ्यावर. बरं वाटलं.

मग म्हणाली, "दादा, मी त्या दिवशी तेच सांगत होते. मी बघून ठेवलाय."

नाक्यावर एक दुरुस्तीवाला आहे. वापरलेला, पण नीट करून दिलेला. एक किलो दोनशे ग्रॅम, तिने वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितला. बॅटरी सहा तास. एक बटण घट्ट आहे, ते लागतही नाही म्हणाली. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना आकडे दाखवून आली, सर म्हणाले दहावीपर्यंत आरामात जाईल. बावीस हजार नऊशे.

मी मान हलवत होतो, फोनवर. या वेळी सगळं कळत होतं.

म्हटलं, आत्ता पाठवतो सगळे. पगार हातात आहे.

तर म्हणाली, सगळे नको. किती लागतील ते कळवते.

सोमवार, १० जून

सगळे नको म्हणजे काय? दिवसभर दोन मजली घराचं सामान उतरवलं आणि सोफा चुकीच्या खोलीत ठेवला. दोनदा.

बुधवार, १२ जून

काडीचा मेसेज आला. एकोणीस हजार दोनशे तिच्याजवळ आहेत. दोन वर्षं शेजारच्या दोन पोरींना गणित शिकवते, एकीचे महिना चारशे. आईला ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं, पोरी दिवसभर करतेस काय.

खाली लिहिलंय — कमी पडतात तेवढेच दे दादा, जास्त पाठवलेस तर परत करीन.

आधी फोनवर दहा हजारांचा आकडा टाकला होता. पुसला. तिने मागितले तेवढेच पाठवले.

तीन हजार सातशे.