टब कुंपणाजवळ बसवला आहे

बाळू,

तुझा गरम पाण्याचा टब दुपारी आला. सकाळी जाताना तू म्हणालास, "ताई, फक्कीने गोल आखलाय, तिथेच ठेवून घे. उगाच डोकं चालवू नकोस." तो गोल माझ्या गुलाबांच्या वाफ्यावर होता. मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात असताना तू गुलाब उपटलेस. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणालास, "एवढं काय, झुडपंच होती."

म्हणून तुझा गोल मी पायाने पुसला आणि कुंपणाला लागून दुसरा आखला. माणसांनी टब तिथे बसवला, वायरमनने वीजही तिथेच जोडली. पाणी भरून झालं आहे, आता तो हलायचा नाही.

बरोबर वर शेजारच्या वकीलसाहेबांची गॅलरी येते. कुंपणावरून भांडण झाल्यापासून तू त्यांचं तोंड पाहत नाहीस, पण ते दिवसभर तिथेच बसलेले असतात. मी त्यांना हाक मारून टब दाखवला. म्हणाले, "बाळूला म्हणावं, बस निवांत. मी चष्मा पुसून ठेवतो." फार दिवसांनी हसले बिचारे.

मी गुलाबाची कलमं आणायला रोपवाटिकेत जाते आहे. येईपर्यंत वाफा खणून ठेव. कुदळ जिन्याखाली आहे, जेवण झाकून ठेवलं आहे. टबाच्या झाकणाला कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्याजवळ आहे. पहिलं फूल आलं की देईन.

ताई